सहावा ठिपका

आमच्या घरात तिघांच्याही मनगटावरचा सहावा ठिपका विझलेला होता, आणि रेवा घरी येईपर्यंत त्याचं आम्हाला काही वाटलं नव्हतं.

कवचपट्टी आता सगळ्यांच्याच हाताला असते. पण ती नेमकं काय मोजते असं विचारलं तर बरेच जण गप्प होतात, म्हणून मला समजलं तेवढं सांगतो. घड्याळाच्या पट्ट्यासारखीच ती दिसते. आतल्या अंगाला केसाहून बारीक सुयांचं जाळं असतं. त्या सुया कातडीखालचा ओलावा टिपतात आणि कोणत्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं शरीरात किती फिरताहेत ते मोजतात. पुरेशी असली की त्या रोगाचा ठिपका हिरवा उजळतो, कमी पडली की विझतो. पहिला ठिपका गोवराचा, दुसरा धनुर्वाताचा, असे एकूण नऊ. सहावा हिपॅटायटिस बी या यकृताच्या रोगाचा. आमच्या सांगलीत जुनी माणसं त्याला अजून रक्तातली कावीळ म्हणतात.

पट्टी निघाली होती डॉक्टरांच्या सोयीसाठी. दोन-तीन वर्षांत ती लोकांच्या सोयीची झाली. भाडेकरू ठेवताना सोसायट्या पट्टी बघायला लागल्या. लग्न ठरवताना पत्रिकेच्या आधी पट्टीचा फोटो जाऊ लागला. औषधांच्या दुकानांबाहेर ‘ठिपके भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या, आणि ज्याचे दोन-चार ठिपके बंद असतील त्याला शाळेतली पोरं ‘विझका’ म्हणून चिडवायला लागली. मी नगर वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. दिवसभर घरात पुस्तक घेऊन बसणाऱ्याच्या मनगटाकडे कोण बघणार? माझे नऊपैकी पाच ठिपके विझलेले होते आणि त्याची कुणी चौकशी केली नव्हती.

माझा मुलगा निहार तेहतीस वर्षांचा आहे. बेदाण्याच्या एका शीतगृहात तो व्यवस्थापक आहे. त्याची बहीण मृणाल त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. ती बँकेत आहे, लग्न केलं नाही. बारा वर्षांपूर्वी माझी पत्नी शैलजा हृदयविकाराने अचानक गेली, तेव्हापासून घर मृणालच चालवते. निहारचं शेवटचं शिक्षण, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गॅसवरच्या दुधापासून छताच्या गळतीपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. त्यामुळे आमच्या घरात एखादी गोष्ट झाली असं म्हणायचं, तर ती मृणालला पटावी लागते.

निहारने रेवा दुधाळला घरी आणलं तो रविवार होता. कृष्णेच्या पुलांवर पाण्याची उंची सांगणारी यंत्रं बसवली आहेत, त्यांची देखभाल करणारी ती इंजिनिअर. उन्हाने रापलेली, मोकळी, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी मुलगी. मृणालने भडंग आणि शेवयांची खीर केली होती. रेवाने वाटीला हात लावला नाही.

“ताई, खायच्या आधी एक सांगते,” ती म्हणाली. “नंतर कळलं तर खाल्लेलं कडू होतं. मला जन्मापासून हिपॅटायटिस बी आहे. माझ्या आईला होता, तिच्याकडून आला.”

मग तिने सगळं सांगितलं, पुलावरचा आकडा वाचून दाखवावा तसं. जत तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर, घरीच तिचा जन्म झाला. बाळाला पहिल्या दिवसाच्या आत लस टोचली असती तर बहुतेक ती या रोगातून वाचली असती, पण टोचणारं कुणी जवळ नव्हतं. आता रोज एक गोळी घेते. रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी आहे आणि यकृत ठणठणीत आहे. निहारला तिने तिसऱ्या भेटीतच हे सांगितलं होतं.

मृणालने ऐकून घेतलं, खीर पुढे सरकवली आणि नोकरीची, पुराची, पगाराची चौकशी केली. माणूस म्हणून ती कधीच वाईट वागत नाही. पण रेवा गेल्यावर तिने ती वाटी आणि चमचा उकळत्या पाण्यात घातले. दोनदा. मग ती वाटी मांडणीत न ठेवता बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात पालथी घातली. निहार दारात उभा राहून बघत होता. मीही बघत होतो, हातात पुस्तक धरून.

“जेवणातून होत नाही ताई,” निहार म्हणाला. “रक्तातून होतो, शरीरसंबंधातून होतो, आईकडून बाळाला होतो. वाटीतून नाही.”

“मला शिकवू नकोस. तुझा सहावा बघ.”

“मला जन्मल्या दिवशीच लस दिली आहे. आईनेच सांगितलंय.”

“मग विझला कसा?”

निहार म्हणाला, दुकानात जाऊन भरून घेतो. त्यावर मृणाल शांतपणे म्हणाली, भरून घे, पण तो पुन्हा चार वर्षांनी विझला तर? जन्मभर टोचून घेत बसणार का, आणि एखाद्या वर्षी विसरलास तर? ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एकवीस वर्षांच्या पोराची आई गेल्यावर ज्या मुलीने त्याचे डबे भरले, तिची भीती खोटी नव्हती.

शेवटी एक गोष्ट ठरली. मिरजेच्या एका संशोधन केंद्रात नवं यंत्र आलं होतं, स्मृतिवाचक नावाचं. संरक्षण खरोखर उरलंय की गेलंय ते त्यावर कळतं, असं निहारने वाचलं होतं. मृणाल म्हणाली, “तिथे जे निघेल ते मी मानेन.”

तिथल्या डॉक्टर तांबोळीबाई मध्यमवयीन होत्या, चष्मा कपाळावर चढवून बोलायच्या. त्यांनी आमच्या पट्ट्यांकडे बघून सुस्कारा सोडला. रोज वीस माणसं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणाल्या. मग त्यांनी जे समजावलं ते असं.

लस घेतली की शरीर दोन कामं करतं. प्रतिपिंडं तयार करतं, आणि त्या रोगाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या काही पेशी बाजूला राखून ठेवतं. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं कमी होत जातात, कारण ज्याची गरज पडत नाही ते शरीर सतत तयार करत बसत नाही. पट्टीला फक्त तीच दिसतात. स्मृतिपेशी कितीतरी विरळ, त्या पट्टीला दिसत नाहीत. पण विषाणू आत आला की त्या जाग्या होतात आणि काही दिवसांत प्रतिपिंडांचा पूर आणतात. आता काही रोग इतके झपाट्याने चढतात की तेवढी उसंतच मिळत नाही. हिपॅटायटिस बी तसा नाही. तो शरीरात आल्यापासून आजार पडेपर्यंत कित्येक आठवडे, कधी काही महिने घेतो. म्हणून ठिपका विझला तरी, ज्याच्या शरीराने एकदा लस नीट मानली आहे, अशा निरोगी माणसाचं संरक्षण टिकतं. तीस वर्षं टिकल्याचं तर त्यांच्या तरुणपणीच दिसून आलं होतं. आता त्याहून पुढची माणसंही सापडत होती.

“मग दर चार वर्षांनी टोचायला नको?” मृणालने विचारलं.

“निरोगी माणसाला नको. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, जे डायलिसिसवर आहेत, त्यांचं वेगळं. त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, लागली तर पुन्हा लस द्यावी लागते. आणि लस घेऊनही शरीराने ती मानलीच नाही अशी थोडी माणसं असतात. म्हणून दवाखान्यात काम करणाऱ्यांची किंवा ज्यांचा जोडीदार बाधित आहे त्यांची, लशीनंतर महिना-दोन महिन्यांनी एकदा तपासणी करतात. तुमच्या भावाची तेव्हा झाली होती का?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. ते जिला माहीत असतं, ती नव्हती.

“हरकत नाही, आता बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि एकट्याचं काय बघताय? सून घरात येणार आहे ना? मग घरातल्या प्रत्येकाचं बघा. आजची मुलं जन्मताच लस घेतात. उघडी राहतात ती तुमच्यासारखी, लसीकरणात हे नाव यायच्या आधी जन्मलेली.”

त्यांनी हे माझ्याकडे बघून म्हटलं. मी हात पुढे केला. माझ्यात काही निघणार नाही हे मला ठाऊक होतं, पण एवढ्या बोलक्या बाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही. मृणालनेही दंडावरची बाही वर सरकवली.

परत येताना बसमध्ये मी मृणालला म्हटलं की हे वाचनालयासारखं दिसतंय. मागणी असलेली पुस्तकं पुढच्या टेबलावर असतात. वर्षानुवर्षं कुणी मागितलं नाही की पुस्तक तळघरातल्या कपाटात जातं. टेबलावर नाही म्हणून वाचनालयात नाही असं होत नाही. मागणी आली की माणूस खाली जाऊन काढून आणतो. बोलून झाल्यावर मला वाटलं की हे फार पुस्तकी झालं. मृणाल खिडकीतून बघत म्हणाली, “अप्पा, तळघरातली निम्मी पुस्तकं वाळवीने खाल्ली होती, तुम्हीच सांगत होतात.”

तेही खरंच होतं.

निकाल ज्याचा त्याच्याच हातात देतात, घरच्यांच्याही नाही, असा तिथला नियम आहे. कारण स्मृतिवाचक फक्त संरक्षण सांगत नाही. रक्तातल्या स्मृतिपेशी वेगळ्या काढून तो एकेका रोगाचा निरुपद्रवी तुकडा त्यांच्यापुढे धरतो आणि कोण जागं होतं ते बघतो. त्यावरून तुमच्या शरीराला आयुष्यात कोण कोण भेटून गेलं ते कळतं, लशीतून भेटलं की आजारातून, आणि अंदाजे किती वर्षांपूर्वी, हेही. माणसं तिथून बाहेर येताना कधी कधी फार वेळ बाकावर बसून राहतात, असं शिपाई मला म्हणाला होता.

निहार हसत बाहेर आला. त्याची स्मृती शाबूत होती, अगदी जन्माच्या वेळची. मृणालचीही होती, तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी शैलजाने नेऊन टोचून आणलं होतं, ते तिला आठवतही होतं. मग मी आत गेलो.

“काका, तुमचं तर उत्तम आहे,” तांबोळीबाई म्हणाल्या. “सहाव्याची स्मृती छान आहे. तीस ते पस्तीस वर्षांपूर्वीची.”

मी म्हटलं, काहीतरी अदलाबदल झाली असणार. मी ही लस घेतलेली नाही.

त्यांनी चष्मा खाली घेतला, पडद्यावर पुन्हा पाहिलं. नमुना माझाच होता. मग मला वाटलं की कधीतरी नकळत आजार होऊन गेला असेल आणि तसं त्यांना विचारलं. त्यांनी मान हलवली. आजार होऊन गेला असता तर शरीराला विषाणूच्या आतल्या गाभ्याचीही ओळख राहिली असती. माझ्या पेशींना फक्त बाहेरचं आवरण ओळखता येत होतं, आणि लशीत तेवढंच असतं.

“कुणीतरी तुम्हाला टोचलंय, काका. तीनही डोस व्यवस्थित. एक, मग महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. आठवून बघा.”

बाहेर पोरांना मी, सगळं ठीक आहे, एवढंच म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्याबद्दल फार काही विचारण्यासारखं असतं असं त्यांना कधी वाटत नाही.

बस सांगलीत शिरली तेव्हा मला आठवलं. जुन्या पुस्तकांच्या धुळीचं इंजेक्शन.

निहार पोटात होता त्या वर्षी शैलजा एक दिवस वाचनालयात आली आणि मला आमच्या नेहमीच्या डॉक्टर सौंदत्तींकडे घेऊन गेली. वाचनालयात काम करणाऱ्यांना जुन्या कागदाच्या धुळीतून छातीचा एक विकार होतो, त्यावर नवी इंजेक्शनं निघाली आहेत, तीन घ्यावी लागतात, असं तिने सांगितलं. डॉक्टर सौंदत्तींनी आधी रक्त तपासायला घेतलं, मग सुई टोचली. काही बोलले नाहीत. ते कधीच फार बोलत नसत. महिन्याने दुसरं झालं. तिसऱ्याच्या वेळी निहार पाळण्यात होता आणि शैलजाने माझ्या खिशात आठवणीची चिठ्ठी ठेवली होती. मला त्या इंजेक्शनाचा फार अभिमान वाटला होता. आपल्या कामालाही काही धोका असतो, हे पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं होतं. मी वाचनालयातल्या बाकीच्यांनाही घ्यायला सांगत होतो. ते हसायचे. आमचे ग्रंथपाल तर म्हणाले होते, “कवठेकर, कादंबऱ्यांसाठी वेगळं आणि चरित्रांसाठी वेगळं घेतलंत का?”

बसमध्ये मला हसू आलं. मृणालने वळून पाहिलं. मग माझं हसू थांबलं.

एका गरोदर बाईने एकाच वर्षी पोटातल्या बाळाची, तेरा वर्षांच्या मुलीची आणि नवऱ्याची एकाच रोगापासून सोय का केली असेल? गरोदरपणात रक्त तपासतात. त्यात तिला काहीतरी कळलं असणार. तिची आई काविळीने गेली होती, एवढंच मला ठाऊक होतं. आणि तेव्हा आमच्या घरात माझी आई होती. मोलकरणीला खोकला झाला तर तिचा कप वेगळा व्हायचा, आणि ती काम सोडून गेल्यावर तो कप फोडून टाकला जायचा. शैलजाने ते पाहिलं होतं.

नंतरचे काही दिवस मी घरात शैलजाच्या वस्तू बघत फिरलो. तिचं नेलकटर मृणालने अजून जपून ठेवलंय. त्याला लाल दोरा बांधलेला आहे. ते दुसऱ्या कुणी वापरलेलं तिला चालत नसे. भाजी चिरताना बोट कापलं तर ती मोरीत जाऊन दार लावून घ्यायची आणि स्वतःच पट्टी बांधून बाहेर यायची. आणि तिचं ताट. स्टीलचं, कडेला ‘शैलजा’ असं नाव कोरलेलं. ती कायम त्यातच जेवायची, सगळ्यांचं झाल्यावर. आईला तिचं ताट लागतं, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो.

हे कुणाला सांगायचं की नाही, ते मला ठरवता येईना. जे तिने एकवीस वर्षं स्वतःजवळ ठेवलं ते उघड करायचा मला काय अधिकार? सांगायची गरजही वाटत नव्हती. मृणालने शब्द दिला होता आणि निकाल चांगला आला होता.

पण शुक्रवारी बँकेतून येताना मृणाल भांड्यांच्या दुकानात जाऊन आली. नवं ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. प्रत्येकावर नाव कोरून आणलं होतं, ‘रेवा’. नवीन सुनेला नाव घातलेली भांडी देतातच, ती म्हणाली. निहारने ताट हातात घेऊन फिरवलं.

“माझ्या नावाचं आहे का यात?”

“तुझं कशाला?”

“मग तिचंच का?”

दुसऱ्या दिवशी निहार रेवाला भेटून आला तो सरळ आपल्या खोलीत गेला. मी दारात उभा राहिलो, तेव्हा त्याने सांगितलं. रेवाने विचारलं होतं की घरी काय चाललंय, आणि याला खोटं बोलता येत नाही. शिक्षणासाठी ती मामाकडे सात वर्षं होती. तिथे तिचं ताट वेगळं होतं, तेही नाव घातलेलं. ती म्हणाली, पूर आला तर मी पुलावर उभी राहीन, पण पुन्हा त्या ताटात जेवणार नाही. ताईला दोष देऊ नकोस, तिची भीती मला कळते. पण भीती कळली म्हणून तिच्याबरोबर राहता येतं असं नाही. उद्या दुपारी ती एकदा येणार होती, मृणालशी समोरासमोर बोलायला. आणि मग, निहार म्हणाला, बहुतेक ती बदली मागून इथून निघून जाईल.

मी मृणालशी बोलायला स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती. मी आधी यंत्राबद्दल बोललो. तिने ऐकलं आणि म्हणाली, “अप्पा, मला सगळं समजलंय. कागदावर समजलंय. तिची वाटी हातात घेतली की माझा हात आखडतो, त्याला मी काय करू? निहारला काही झालं तर आईला मी काय तोंड दाखवू?”

त्यामुळे मला सांगावंच लागलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. मी बहुधा पुस्तकांच्या धुळीपासून सुरुवात केली, कारण तिने मध्येच, हे काय सांगताय अप्पा, असं विचारलं. मग मी तीन इंजेक्शनांचं सांगितलं, तिच्या स्वतःच्या लशीचं वर्ष सांगितलं, निहारचा जन्म सांगितला. पुढचं वाक्य तिनेच पुरं केलं.

“आईला होता.”

“असणार. मला कुणी सांगितलेलं नाही. पण दुसरं काही जुळत नाही.”

तिने कणकेचे हात धुतले नाहीत. ओट्याला टेकून उभी राहिली. पहिल्यांदा ती चिडली. मला का नाही सांगितलं, मी लहान नव्हते, असं म्हणाली. मी म्हटलं, मलाही नाही सांगितलं.

“मी सहावीत होते,” मृणाल म्हणाली. “नाही, निहार झाल्यानंतर, म्हणजे आठवीत. आई जेवत होती. मी तिच्या ताटातली बटाट्याची फोड उचलली. तिने माझ्या हातावर इतक्या जोरात मारलं, अप्पा. फोड खाली पडली. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. मला वाटलं, निहार आल्यापासून मी नकोशी झाले.”

मांडणीवर शैलजाचं ताट उभं होतं. मृणालची नजर तिकडे गेली.

“त्याची काही गरज नव्हती ना? ताटाची?”

“नव्हती. नेलकटरचं बरोबर होतं, कापलेल्या बोटाचं बरोबर होतं. ताटाचं उगाच होतं. जेवणातून होत नाही.”

“एकवीस वर्षं,” ती म्हणाली. “आमच्या ताटात आम्हाला वाढत होती, आणि तिच्या ताटाला आम्हाला हात लावू देत नव्हती. आणि मी म्हणतेय, आईला काय तोंड दाखवू.”

मग ती पुन्हा कणकेकडे वळली. मी तिथे आणखी थांबावं की जावं ते मला कळेना, म्हणून डब्यातले शेंगदाणे निवडत बसलो. ते आधीच निवडलेले होते. संध्याकाळी तिने निहारच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि त्याच्याशी बराच वेळ बोलली. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही.

रविवारी दुपारी रेवा आली. बसायच्या आधीच बोलायला सुरुवात करावी अशा बेताने ती दारात उभी राहिली होती. मृणाल म्हणाली, “बोलू गं. आधी जेवून घे, पोळ्या गार होतात.”

चार ताटं मांडली होती. नवं कोरं ताट दाराच्या बाजूच्या पहिल्या जागेवर होतं, आणि त्यावरचं नाव लांबूनही वाचता येत होतं. रेवाने ते पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत झाला, आणि तिने पर्स पुन्हा खांद्याला लावली. निहार काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात मृणाल त्या ताटासमोर जाऊन बसली.

“हे माझं,” ती म्हणाली. “नाव दुकानदाराने तुझं टाकलंय. आता काय करणार, कोरलेलं पुसता येत नाही. तू तिकडे बस, अप्पांच्या शेजारी.”

माझ्या शेजारी शैलजाचं ताट होतं. बारा वर्षांत त्यात कुणी जेवलं नव्हतं. चिंच लावून घासल्यासारखं ते चकचकीत दिसत होतं. रेवाने कडेवरच्या नावावरून बोट फिरवलं आणि निहारकडे पाहिलं. निहारने मान डोलावली. त्याने तिला आईचं सगळं सकाळी फोनवर सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं. पर्स खाली ठेवून ती बसली.

जेवताना पुराचं बोलणं निघालं. कोयनेतून किती पाणी सोडलं की आयर्विन पुलापाशी किती वाढतं, ते रेवा सांगत होती, आणि मृणाल बँकेच्या तळमजल्यात एका वर्षी पाणी कसं शिरलं होतं ते सांगत होती. बोलता बोलता मृणालने हात लांब केला, रेवाच्या ताटातली बटाट्याची एक फोड उचलली आणि तोंडात टाकली.

रेवा बोलायची थांबली. “ताई, आणखी वाढू का? कढईत आहे ना भाजी?”

“आहे,” मृणाल म्हणाली. ती फोड चावत होती आणि डोळे पुसायला तिला कोरडा हात सापडत नव्हता. “मला त्यातलीच हवी होती. लहानपणची एक राहिली होती.”

हे असं सगळं सांगून टाकलेलं शैलजाला आवडलं असतं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पाणी आणायला उठलो. तांब्या उचलताना मनगटावरची पट्टी दिसली. सहावा ठिपका विझलेलाच होता. तो मी अजूनही भरून घेतलेला नाही.